संध्याकाळी साडेचारला फोन ठेव आणि बाहेर पड

काकू, नमस्कार.

मी इंदूरच्या राजेंद्रनगरची. एम.एस्सी., बी.एड. करून इंदूरच्या एका खासगी शाळेत गणित शिकवत होते. जूनमध्ये मालदीवला आले. उत्तरेकडच्या एका लहान बेटावर सरकारी शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवते. चालायला लागलं की अर्ध्या तासात बेट संपतं. केरळच्या एका शिक्षिकेबरोबर घर घेतलंय, ती दोन्ही वेळा मासे शिजवते आणि आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. वर्गात मुलं माझ्याशी बोलत नाहीत, आपापसात धिवेहीत बोलतात. एकदा मी जोरात ओरडले, तर संध्याकाळपर्यंत शाळेच्या व्हायबर ग्रुपवर पालकांची तक्रार. पगार रुफियामध्ये मिळतो, तो घरी पाठवताना नाकी नऊ येतात, आणि सुदामानगरच्या फ्लॅटचा हप्ता माझ्यावर आहे. शाळा सुटली की खोलीत येऊन आईला व्हिडिओ कॉल लावते, तो ती झोपेपर्यंत चालू असतो. बाबा गेल्यापासून ती एकटीच आहे, दादा पुण्याला. आता गणपती तोंडावर आलेत. आई म्हणते, छोटी शाडूची मूर्ती कुरिअरने पाठवते, तू तिथे दीड दिवस बसव. आणि रोज म्हणते, जमत नसेल तर परत ये. काकू, राहू की येऊ? तुमचं सदर आईही वाचते.

– बेटावरची इंदूरकरीण

बाई गं, आधी मूर्तीचं बोलू, कारण कुरिअर एकदा निघालं की बोलून उपयोग नाही. आजच आईला सांग, मूर्ती पाठवू नकोस. मालदीवमध्ये प्रवाशाने काय आणू नये याच्या यादीत दारू आणि डुकराच्या मांसाबरोबर पूजेच्या मूर्तीही आहेत. पार्सल राजधानीत, मालेलाच अडेल आणि त्यावर नाव तुझं असेल. नवीन नोकरीत कस्टमकडून बोलावणं येण्याइतकं वाईट काही नाही. तिथल्या २००८ च्या राज्यघटनेनुसार इस्लाम हा देशाचा धर्म आहे, मुसलमान नसलेल्या माणसाला तिथलं नागरिकत्वही मिळत नाही. बाहेरून आलेल्या माणसाने आपल्या खोलीत, आपल्यापुरता देव पुजला तर कुणी विचारायला येत नाही. उंबऱ्याबाहेर मात्र तो येता कामा नये. हे तुला पटो न पटो, करारावर सही करताना तू हे स्वीकारलं आहेस.

म्हणून गणपती बसवायचाच नाही, असं मी म्हणत नाही. सत्यनारायणाला, वास्तूला, लग्नाला गुरुजी गणपती म्हणून काय मांडतात? सुपारी. आणि सुपारी तर तुझ्या बेटावरच्या कुठल्याही दुकानात मिळेल, जेवणानंतर ती चघळायची सवय तिथे घरोघर आहे. मूठभर तांदळावर सुपारी मांड, दिवा लाव, दार लावून घे, आरती हळू आवाजात म्हण. घंटा नको, टाळ्या नकोत, आणि मुख्य म्हणजे स्टेटसला फोटो नको. तुझ्या मुलांचे आई-वडील तुझे स्टेटस बघतात, हे लक्षात असू दे. दीड दिवसाने अक्षता वाहून सुपारी हलव आणि डब्यात ठेव. समुद्र दहा पावलांवर आहे म्हणून विसर्जनाला किनाऱ्यावर जाऊ नकोस.

मोदक मात्र हात सैल सोडून कर. नारळाला तिथे तोटा नाही. गूळ नाही मिळाला तर ‘दिया हकुरु’ विचार. माडाचा गोड रस आटवून केलेला काकवीसारखा पाक असतो तो. खोबऱ्यात इतका सुरेख लागतो की परत आल्यावर तुला गुळाचं सारण थोडं कोरडंच वाटेल. शेजारी मोदक द्यायला काहीच हरकत नाही, फक्त खाऊ म्हणून दे, प्रसाद म्हणून नको. नैवेद्य दाखवायच्या आधीच त्यांच्या वाटचे वेगळे काढून ठेव. म्हणजे तुलाही लपवाछपवी वाटणार नाही आणि त्यांच्याही श्रद्धेला धक्का नाही. वर्गात एखाद्या पोराने विचारलं, ‘मिस, तुम्ही हिंदू का?’ तर हो म्हण आणि पुढच्या गणिताकडे वळ. सणाची चित्रं, गोष्टी, ‘आमच्याकडे असं असतं’ हे सगळं वर्गाबाहेर आणि शक्यतो मनातच. परधर्माचा प्रचार तिथे गुन्हा आहे आणि प्रचार कशाला म्हणायचं ते ठरवणारी तू नाहीस.

आता खऱ्या दुखण्याकडे येते. तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी परत परत वाचलं: शाळा सुटली की खोलीत येते, कॉल लावते, तो आई झोपेपर्यंत चालतो. मालेचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. म्हणजे आईचे रात्रीचे साडेनऊ होईपर्यंत, तुझे नऊ वाजेपर्यंत, तू रोज राजेंद्रनगरातच बसलेली असतेस. तिथे तू फक्त नोकरीला जातेस. मग बेट परकं वाटणार नाही तर काय होईल?

आणि नेमक्या त्याच वेळात ते बेट जागं होतं गं. मी अशाच एका बेटावर गणित शिकवून आलेली आहे, म्हणून सांगते. दुपारभर रस्ते ओस असतात, ऊनच तसं असतं. साडेचारच्या सुमारास दारं उघडतात. बायका माडाच्या हिरांचे खराटे घेऊन दारापुढची पांढरी वाळू झाडायला लागतात. पोरं फुटबॉल घेऊन पळतात. बायकांचा बशी नावाचा एक खेळ असतो, त्यात एकजण पाठमोरी उभी राहून टेनिसच्या रॅकेटने चेंडू मागे उडवते आणि बाकीच्या झेलतात. त्यात चाळिशीच्या बायकाही परकर-पोलक्यातल्या मुलींसारख्या ओरडत असतात. म्हातारेकोतारे धक्क्याजवळ, नाही तर दारापुढच्या ‘जोली’वर बसतात. पाइपच्या सांगाड्यावर दोरीची जाळी विणलेली ती बैठक, पाहिली असशील. सूर्य बाराही महिने साधारण सहा-सव्वासहाला बुडतो, नमाजाची बांग होते आणि रस्ते पुन्हा रिकामे होतात. हा दीड-पावणेदोन तास म्हणजे त्या बेटाचं अंगण. तो तू रोज फोनला देतेस.

तेव्हा माझा सल्ला एवढाच की साडेचारला फोन घरी ठेवून बाहेर पडायचं. खिशात नको, घरी. पहिल्या आठवड्यात कुणी तुझ्याशी बोललं नाही तरी चालेल. रोज त्याच वेळी, त्याच वाटेने धक्क्यापर्यंत जा आणि परत ये. लहान बेटावर माणसं नवीन माणसाला आधी नीट पाहून घेतात, मग बोलतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी ‘मिस, कुठे निघालात?’ विचारेलच. आपल्याकडे रामबागेत नवीन भाडेकरू आला तर ओट्यावरच्या आजी काय वेगळं करतात? ‘हालु किहिने’ म्हणजे कसं काय, आणि ‘रंगळु’ म्हणजे छान, एवढ्यावर पहिला महिना निघतो. आभार मानायला ‘शुकुरिय्या’ म्हणतात, ते तर तुला शिकावंही लागणार नाही.

मैत्री कर, असं मी म्हणणार नाही. ठरवून मैत्री होत नसते. काहीतरी शिकवायला सांग. शेजारच्या घरात एखाद्या आजी खोबरं खवताना दिसतील. बुटकं लाकडी आसन, त्याच्या पुढच्या टोकाला दातेरी लोखंडी पातं, त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसायचं आणि नारळाची वाटी दोन्ही हातांनी त्या पात्यावर फिरवायची. ‘हुनिगोंडि’ म्हणतात त्याला. पाहायला सोपं, पण पहिल्या दिवशी अर्धी करवंटीही खोबऱ्यात येते आणि बोटाचं सालटं जातं. जवळ जा, विचार, बस, चुक, हसू दे त्यांना. मास्तरीण बाई आपल्याकडून काहीतरी शिकतेय, ही बातमी बेटभर व्हायला एक संध्याकाळ पुरते, आणि तिचा उपयोग तुला दुसऱ्या दिवशी वर्गात होतो. विद्यार्थ्यांपैकी कुणीतरी त्या आजींचा नातू असतोच.

वर्गाचं तू फार थोडक्यात लिहिलंस, पण राहायचं की यायचं हे माझ्या मते तिथेच ठरणार आहे. इंदूरला तुझ्या वर्गात पन्नासेक मुलं असतील. तिथे बारा-पंधरा. पन्नास मुलांसाठी कमावलेला आवाज बारा मुलांवर पडला की तो रागच वाटतो, तू रागावलेली नसलीस तरी. आवाज निम्मा कर. फळ्यापाशी उभी न राहता बाकांच्या मध्ये जा. आणि ओरडणं सोड, कान धरणं तर विसरूनच जा. मुलांच्या हक्कांचा २०१९ चा कायदा आहे तिथे, शारीरिक शिक्षेला बंदी आहे. आपल्याकडेही बंदी आहेच, पण आपल्याकडे ती किती पाळतात हे तू आणि मी जाणतो. तिथे पालक धक्क्यावर शाळेच्या शिपायाला भेटतात, मुख्याध्यापकांना भेटतात, सगळेच एकमेकांचे कुणीतरी लागतात.

झालेल्या तक्रारीवर व्हायबरवर एक अक्षर लिहू नकोस. तुझ्या विषयाच्या लीडिंग टीचरला बरोबर घे आणि संध्याकाळी त्या मुलाच्या घरी जा. माफी मागायला म्हणून जायची गरज नाही. मुलगा गणितात कुठे अडतो ते सांगायला जा, वही घेऊन. चहा आणि काहीतरी तळलेलं पुढे येईल. चहा घे. तळलेल्यात बहुतेक ट्यूना असतो, तर ‘मी मासे खात नाही’ असं हसून सांग. कुणी वाईट वाटून घेत नाही, नवल मात्र करतात.

आता मुलं गप्प का बसतात? गणित इंग्रजीत आहे आणि इंग्रजी ही त्यांची शाळेपुरती भाषा. तू प्रश्न विचारलास की त्यांना आधी तो समजायचा असतो, मग सोडवायचा असतो, मग उत्तर इंग्रजीत जुळवायचं असतं, आणि तोवर तू पुढे गेलेली असतेस. धिवेहीत बोलतात म्हणून रागावू नकोस, उलट दोन मिनिटं जोडीजोडीने धिवेहीतच चर्चा करू दे आणि मग एकाला इंग्रजीत सांगायला लाव. फरक तुला त्याच तासाला दिसेल.

दुसरं, तुझी उदाहरणं तपास. दोन आगगाड्या समोरासमोरून येतात, एक इंदूरहून निघते, एक भोपाळहून. अगं, त्या देशात रेल्वेच नाही! मुलांनी गाडी पाहिली आहे ती पडद्यावर. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने आणि विरुद्ध दिशेने होडी, हे आपलं आवडतं गणित, पण त्या देशात नदीही नाही. मात्र दोन बेटांमधल्या खाडीत ओढ कुठल्या वेळी कुठल्या बाजूला असते हे त्या पोरांना तुझ्यापेक्षा चांगलं कळतं. तेच गणित धोणीवर, म्हणजे त्यांच्या बोटीवर, घाल. डिझेल किती लिटर, ट्यूना किती किलो, पुढच्या बेटापर्यंत फेरीला किती वेळ. आगगाडी नंतर आण, कारण परीक्षेच्या पेपरात ती येणारच आहे.

आणि परीक्षेचं म्हणशील तर आपल्या सीबीएसईची सवय बाजूला ठेव. दहावीला त्यांची केंब्रिजची परीक्षा असते, आणि तिथे प्रमेयाच्या लांबलचक सिद्धता नसतात. आलेख वाचणं, आकृत्यांची परिवर्तनं, सदिश, आणि बेअरिंग यांवर भर असतो. बेअरिंग म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला तीन अंकी कोन. तो आपण शाळेत शिकलोच नाही, म्हणून इथून गेलेले शिक्षक तो धडा पुस्तकातून कसाबसा उरकतात. तू एक दिवस परवानगी काढून वर्ग धक्क्यावर ने. मोबाइलमधलं होकायंत्र पुरे. समोरच्या बेटाचं बेअरिंग किती, तिथून आपल्या बेटाचं किती, दोन्हींत १८० चा फरक का. ज्यांचे बाप आणि काका रोज पहाटे बोट काढतात, ती मुलं तुला तिथे गप्प दिसणार नाहीत. मागच्या वर्षांचे पेपर आणि त्यांच्या गुणदान योजना शाळेकडून मागून घे आणि स्वतः घड्याळ लावून सोडव. पायरीला गुण कसे देतात हे कळल्याशिवाय शिकवू नकोस.

शिकवणीबद्दल तू लिहिलं नाहीस, पण पालक विचारतील. तुझा व्हिसा या नोकरीपुरता आहे. मुख्याध्यापकांच्या लेखी परवानगीशिवाय घरी एकही मूल पैसे घेऊन शिकवू नकोस.

स्वयंपाकघराचा वाद मला लहान वाटतो. तुला तो मोठा वाटतोय, कारण दिवसभराचा सगळा त्रास तिथे येऊन सांडतो. दोन तवे, दोन कढया, एक फळी तुझी, खिडकी उघडी, आणि तिचं आधी आटोपू दे नाही तर तुझं. तिच्या माशांकडे पाहून नाक मुरडू नकोस. तापाने फणफणलीस तर इंदूरहून आई येणार नाही, ही केरळची बाईच पेज करून देणार आहे. शिवाय नारळ वापरावा तो त्यांनी. आपल्या शेव-परमलच्या राज्यात ती अक्कल नाही. भाजीचं म्हणशील तर कांदे, बटाटे, तांदूळ, डाळ भारतातूनच जातात, १९८१ च्या व्यापार कराराप्रमाणे आपलं सरकार दर वर्षी त्यांचा कोटा ठरवून देतं. पालेभाजी बोटीवर अवलंबून असते आणि आत्ताच्या दिवसांत, नैऋत्येचा वारा असताना, बोट चुकते. तेव्हा बेटावर काय उगवतं ते बघ. शेवग्याचा पाला, भोपळा, केळी, नीरफणस. शेवग्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून केलेली भाजी आणि रोशी म्हणजे त्यांची पोळी, यावर मी कितीतरी रात्री काढल्या आणि वर इंदूरहून नेलेली लौंग सेव मोजून घेतली. विकतचं काही घेताना त्यात ‘मास’ आहे का विचार; तिथे मास म्हणजे मासा.

पैशाचं स्पष्टच सांगते. रुफिया आणि डॉलरचा सरकारी दर १५.४२ च्या वर जात नाही, पण त्या दराने डॉलर हवे तेवढे मिळत नाहीत, ही त्या देशाची जुनी अडचण आहे. बाहेर जास्त दराने मिळतात आणि ‘इकडे रुफिया दे, तिकडे घरी रुपये पोचतील’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्या वाटेला जाऊ नकोस, फसलीस तर तक्रार कुठे करणार? स्टेट बँक मालेमध्ये १९७४ पासून आहे. भारतीय नोकरदारांना दरमहा किती पाठवता येईल याला मर्यादा असते आणि ती बदलत राहते, म्हणून आजचा आकडा शाखेतूनच विचार. त्या आकड्यात फ्लॅटचा हप्ता बसतो का बघ. बसत नसेल तर लपवू नकोस. दादाला फोन कर आणि सांग की उरलेला भाग वर्षभर तो भरेल आणि तू सुट्टीत येताना हिशोब चुकता करशील. पुण्याला राहणाऱ्या मुलाचंही ते घर आहे. सगळा भार मुलीने उचलायचा आणि कुणी त्याबद्दल बोलायचंही नाही, हे मला आवडत नाही. आणि परदेशी नोकरीवर गेल्यावर इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्या भारतीयाचं इथलं खातं, करून घ्यावं लागतं, ते काम राहिलं असेल तर बँकेला ईमेल टाक.

आता तुझा प्रश्न. राहू की येऊ? दोन महिन्यांवर हा प्रश्न सोडवू नये, असं माझं मत आहे. पगार वेळेवर होत नसेल, करारात लिहिलेलं घर मिळालं नसेल, तुझा पासपोर्ट कुणी अडकवून ठेवला असेल किंवा तुला बेटावर असुरक्षित वाटत असेल, तर उद्याच्या उद्या मालेच्या भारतीय उच्चायोगाला कळव आणि परत ये, मी तुझ्या बाजूने आहे. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता असते, कुठल्याही शाळेची नाही. पण तुझ्या पत्रात यातलं काहीच नाही. तुझ्या पत्रात आहे ती एक हुशार मुलगी, जिला अजून कुणी तिच्या कामाबद्दल बरं म्हटलेलं नाही. करार वर्षाचा असेल तर वर्ष कर. मध्येच सोडलंस तर सूचनेचे दिवस, तिकिटाचा खर्च हे सगळं तुझ्या अंगावर येईल, ते कलम आज रात्री काढून वाच. आणि बेटावर भारत-मालदीव राजकारणाचा विषय निघाला तर पाणी प्यायला उठ. २०२४ च्या जानेवारीत दोन्हीकडच्या लोकांनी समाजमाध्यमांवर एकमेकांना जे ऐकवलं, ते शिक्षकाने पुढे चालवायची गरज नाही.

तुझ्या आई हे वाचणार आहेत, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी.

ताई, नमस्कार. पोरगी दूर आहे, घर रिकामं आहे, हे मला कळतं. पण तुमचा फोन आता पाच तासांचा झालाय, आणि त्यात तिचाच एकटेपणा वाढतोय. रात्री साडेआठला, जेवणं झाल्यावर, अर्धा तास बोला. त्याआधी नको. ‘जमत नसेल तर परत ये’ हे तुम्ही मायेने म्हणता, पण रोज ऐकलं की तिला ते ‘तुला जमणार नाही’ असं ऐकू येतं. तिला विचारा की आज वर्गात काय झालं, शेजारच्या आजींचं नाव काय. आणि तुमच्याही संध्याकाळचं बघा. महाराष्ट्र साहित्य सभेत काही ना काही असतं, सानंद संस्थेची नाटकं असतात, राजेंद्रनगरात भजनी मंडळ नसेल तर मला आश्चर्य वाटेल. गणपती तुम्ही घरी बसवाच. दादाला दोन दिवस पुण्याहून यायला सांगा, आरतीला माणूस हवं. अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे फिरते देखावे, निघतात, त्यांचा व्हिडिओ तिला जरूर पाठवा, ती तो कानाला इअरफोन लावून बघेल.

आणि तुम्ही तिच्याकडे जाऊन या की! भारतीयांना माले विमानतळावर उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो. पासपोर्ट, परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचा पत्ता लागतो, आणि निघण्याआधीच्या ९६ तासांत एक ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो तीच भरून देईल. जानेवारी ते मार्च समुद्र शांत असतो, तेव्हा जा. आत्ता पावसाळ्यात स्पीडबोट अशी आपटते की पाठीचे मणके मोजता येतात. सामानात गोडा मसाला, मेतकूट, कुळथाचं पीठ, लौंग सेव न्या, देव नेऊ नका. गुडघे दुखत असतील तर धक्क्यावरून बोटीत उतरायच्या आधी बोटीवरच्या पोरांना तसं सांगा, दोघं दोन्हीकडून हात धरून उतरवतात, त्यांचं रोजचंच काम आहे ते. आणि साडी नको, पंजाबी ड्रेस घाला.